नमुना रुग्ण

धंतोलीतल्या लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहीत होतो
तेव्हा एक बाई मी तयार केली.
द्वारका त्र्यंबक कुऱ्हाडे, वय अठ्ठावन्न,
राहणार मिरची बाजार, इतवारी.
नाव आवडलं म्हणून नाही.
अवघड जोडाक्षरं एका ओळीत यावीत
आणि एखादी पहिली वेलांटी सापडावी, एवढाच हेतू.
मोबाइल नंबर: दहा वेळा नऊ.

मे महिना. कूलरची खस वाळलेली,
टेबलावर नुसती गरम हवा ढकलणारी,
आणि मी बटण दाबत होतो: पीडीएफ बनवा.
पान यायचं. खिडकीतल्या खिडकीत उघडायचं.
तिथंच पाहा, तिथंच मोठं करा, तिथंच छापा,
दुसरं काही उघडायला नको.
करारात तसं लिहिलंच होतं.

पहिल्या दिवशी ती अशी आली:
द्‌वारका त्‌र्‌यंबक कुर्‌हाडे, मरिची बाजार.
पाय मोडलेली अक्षरं,
वेलांटी शेजारच्या घरात जाऊन बसलेली.
फॉर्मवर धड, पानावर मोडकी.
फॉन्ट फाइलच्या पोटात घातला,
अक्षरं जुळवणारी लायब्ररी बदलली,
तेरा रात्री गेल्या.
बाई हळूहळू जुळत आली.
आधी द्वा. मग त्र्यं.
ऱ्ह सगळ्यात शेवटी, पहाटे पावणेचारला,
तेव्हा मी एकटाच ओरडलो
आणि खालून चौकीदारानं विचारलं, काऊन, काय झालं?

आजारांचं म्हणाल
तर तिला मी काही शिल्लक ठेवलं नाही.
लाल रंग नीट उमटतो का पाहायला
हिमोग्लोबिन चार पूर्णांक दोन.
साखर सहाशे बारा, रकान्यात तीन आकडे मावायला हवेत.
मजकूर दुसऱ्या पानावर जातो का, म्हणून
किडनी, लिव्हर, थायरॉइड, सगळंच बिघडवलं.
दोनशे सहा फाइली.
प्रत्येकीत ती थोडी जास्त आजारी
आणि थोडी जास्त सुबक.

जूनमध्ये लॅबला बसवून दिलं. चाललं.
चाचणीचा डेटा पुसला,
म्हणजे मला वाटलं पुसला.

तीन आठवड्यांनी काउंटरवरच्या स्वप्नाली निमजेचा फोन.
"सर, एक रिपोर्ट पडून आहे जी.
कोणी न्यायलेच येऊन नाही राहिलं.
फोन लावते त लागत नाही.
चार पॉइंट दोन आहे बाईचं, चालते कशी असन?
काल मी मिरची बाजारात बी विचारून आली.
कुऱ्हाड्यांचं घर कोणालेच माहीत नाही."

गेलो. ड्रॉवरमध्ये पांढरं पाकीट,
त्यावर निळ्या पेनानं: अर्जंट.
आत माझं पान. समास बरोबर, शिक्का बरोबर,
नावातला एकही पाय मोडलेला नव्हता.
म्हटलं, ही बाई नाहीच. मीच लिहिली.
स्वप्नाली पाकिटाकडे बघत राहिली.
"नाही म्हणजे, कधीच नव्हती?"
"नव्हती."
"मग बरं झालं नं बाप्पा."
पण पाकीट फाडलं नाही तिनं.
स्टेपलरखाली ठेवून दिलं.

आम्ही गिऱ्हाइकाला हेच सांगतो:
कुठंही उघडा, सारखंच दिसेल,
ओळ इकडची तिकडे होणार नाही.
तेव्हा ते चार पूर्णांक दोन आता चारच पूर्णांक दोन.
नवी फाइल बनवावी लागते.

त्या रात्री बनवली.
हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ, साखर ब्याण्णव,
सगळे रकाने काळ्या शाईत.
खिडकीतल्या खिडकीत उघडली.
नाव मोठं करून पाहिलं, दोनशे टक्के,
मग चारशे,
मग पडदाभर नुसता ऱ्ह,
कडा कुठंच फाटत नव्हती.

जतन करायची का, माझंच सॉफ्टवेअर मला विचारत होतं.
हो आणि नाही,
दोन्ही बटणं मीच आखली होती,
एकाच मापाची.